जबाबदार: खडा

"बांबूत करंट येत न्हाई, सूनबाई. दत्तू वायरमन सांगून गेलाय. लाकडात येत न्हाई, बांबूत येत न्हाई. इचार त्याला."

माझे सासरे माझ्या फाटकाच्या खोलीबाहेर, माझ्याच स्टुलावर बसून, माझाच चहा बशीत ओतत मला वीज शिकवत होते. रेल्वेने मला पंधरा दिवस ट्रेनिंगला पाठवून जे शिकवलं, ते दत्तू वायरमनने त्यांच्या डोक्यातून दोन मिनिटांत पुसून टाकलं होतं.

"कोरड्या बांबूत येत नाही, मामंजी," मी म्हटलं. "तुम्ही काठीला नदीत आंघोळ घालता. ओल्या बांबूतून येतो. वर पितळेचा कळस आहे, त्यातून तर धावत येतो."

"मग देवाच्या काठीला आंघोळ घालायची न्हाई, तर काय सेंट मारायचा?"

बशी संपवून त्यांनी मिशा पुसल्या आणि रुळावरच्या नव्या तारेकडे असं पाहिलं, जणू ती कुणा परगावच्या पाहुण्याने न विचारता बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी होती.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. करंजवाडीच्या फाटकावर मी नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. परीक्षा देऊन लागले होते आणि त्या परीक्षेचा अभिमान मला होता त्याच्या दुप्पट मामंजींना होता. सखाहरी ढवळ्यांची सून आगगाडी थांबवते, असं ते बाजारात सांगत. मी गाडी थांबवत नाही, रस्ता थांबवते, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. रोज दुपारी माझा डबा घेऊन तेच यायचे. फाटक लागलेलं असताना एखादा मोटरसायकलवाला खालून वाकून जायला लागला, की माझ्याआधी यांचा आवाज. "ए, कुठं निघाला? फाटकमास्तर आंधळी हाय व्हय?" मला ते फाटकमास्तर म्हणायचे. घरी भाजी खारट झाली तरीही.

गावाची अडचण अशी होती. चैत्रात भैरोबाची यात्रा. गावातल्या मारुतीच्या पारापासून टेकडीवरच्या भैरोबापर्यंत मानाची काठी जाते. पस्तीस फूट उंच बांबू, त्याला लाल-पांढरं कापड गुंडाळलेलं, टोकाला कळस. काठी धरणाऱ्याच्या कमरेला कातडी पट्टा, पट्ट्याला खोबण, खोबणीत काठीचा बुंधा. चार बाजूंना चार माणसं दोर ताणून धरतात, पण भार एकट्याच्या कमरेवर. आणि पार सोडल्यापासून देवाची पायरी लागेपर्यंत काठी उभीच राहिली पाहिजे. आडवी झाली तर गावाला ते वर्ष वाईट जातं आणि ज्याच्या हातून झाली त्याच्या घरातून काठीचा मान जातो. मामंजींच्या आजोबांकडे तो मान तसाच आला होता. आधीच्या घरातल्या कुणाला तरी वाटेत चक्कर आली होती म्हणून. त्या घरातली माणसं अजूनही यात्रेच्या दिवशी जरा मागे मागे चालत.

आणि आता पार आणि देव यांच्या मध्ये, जमिनीपासून अठरा-वीस फुटांवर, पंचवीस हजार व्होल्टची तार आली होती.

त्यात माझीही चूक होती, ती आधी सांगून टाकते. वर्षभर खांब उभे राहत होते, तारा ओढल्या जात होत्या. बायका सरपण डोक्यावर घेऊन रूळ ओलांडायच्या आणि विचारायच्या, "वैजू, करंट हाय का गं वर?" मी मोठ्या रुबाबात सांगायचे, "अजून नाही, जा खुशाल." वर्षभर हेच सांगितलं. मग फाल्गुनात तार चालू झाली. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली आणि चार दिवसांत तिच्यावर सरपंचांच्या वाढदिवसाचा कागद चिकटवला गेला. आता मी कितीही ओरडले तरी लोक हसायचे. चिमण्या बसतात की वर, म्हणायचे.

यात्रेच्या आठ दिवस आधी रेल्वेच्या तारेकडचे कुलथे साहेब गावात आले. पोरसवदा, चष्मेवाला, घामाघूम माणूस. मारुतीच्या देवळात सभा भरली. त्यांनी सरळ सांगितलं, "काठी आडवी करून न्या. फक्त पंधरा पावलं. पलीकडे गेल्यावर पुन्हा उभी करा."

देवळात असा गलका झाला की घंटेला हात न लावता ती वाजली असती.

"देवाला आडवं करता? तुमच्या बापाला न्याल का आडवं करून?" कुणीतरी ओरडलं.

"शेवटी सगळ्यांना तसंच नेतात," कुलथे साहेब पुटपुटले. ते मला एकटीला ऐकू गेलं म्हणून ते सुखरूप घरी पोचले.

"दोन तास तार बंद ठेवा ना मग," सरपंच म्हणाले.

"त्याचा अर्ज महिनाभर आधी आमच्याकडे यावा लागतो."

"दिलाय की आम्ही अर्ज!"

अर्ज खरंच दिला होता. तार म्हणजे वीज, म्हणून तालुक्याच्या वीज कचेरीत दिला होता. तिथे तो आवक शिक्का मारून सुखाने पडून होता.

शेवटी गावाने आपला तोडगा काढला. काठी आडवी करायची नाही, तिरपी करायची. दोर सोडत सोडत टोक तारेच्या खालून काढायचं. कुलथे साहेबांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, की तिरप्या काठीचं टोक तारेपासून हातभरच लांब राहील आणि ही तार चिकटायची वाट बघत नाही, हातभर अंतरावरूनही झेप घेते. "मग जबाबदारी आमची नाही," ते उठताना म्हणाले. "आमची तर मुळीच न्हाई," सरपंच म्हणाले. जबाबदारी मग देवळातच राहिली आणि माणसं जेवायला गेली.

यात्रेच्या आदल्या संध्याकाळी मामंजी अंगणात बसून पट्ट्याला तेल लावत होते. माझा नवरा पोपट दुधाचा टेम्पो धुवत होता. मी त्याला खुणेनं म्हटलं, तू तरी बोल. तो म्हणाला, "माझ्या बापाला मी आजवर एक गोष्ट पटवू शकलो नाही. तुझ्याशी लग्न सोडून. आणि ते तर त्यांनीच जमवलं होतं."

मग मीच जाऊन समोर बसले.

"मामंजी, तुम्ही मराल."

"मरीन की. अमर हाय का मी?"

"मी चेष्टा करत नाही. त्या दोरवाल्या चौघांचंही तेच होईल. त्यांचीही पोरंबाळं आहेत."

त्यांचं बोट पट्ट्यावर फिरत राहिलं. मग म्हणाले, "वैजू, माझ्या आज्यानं धरली, बापानं धरली. मी सत्तावीस वर्षं धरतोय. मी आडवी करतो म्हटलं, तर उद्या मारुतीसमोर तोंड कसं दाखवू? आणि मी सोडली तर दुसरा कोण बी धरील. ते टोळकं काय थांबणार न्हाई."

हे खरंच होतं. काठी धरायला गावातले दहा जण टपले होते आणि त्यांच्यातल्या कुणालाच घरी माझ्यासारखी कटकट करणारी सून नव्हती.

"तू उद्या काय करणार?" त्यांनी विचारलं.

"फाटक लावणार. गाडी असो नसो. लाल झेंडा घेऊन मधे उभी राहणार."

"माझ्यासमोर?"

"तुमच्यासमोर."

मला वाटलं आता ओरडतील. ते पट्टा गुंडाळत उठले आणि म्हणाले, "मग सकाळी वाट नीट झाडून ठेव. देव तुझ्या दारावरनं जायचाय. आणि मी अनवाणी असतो."

सकाळी सहाला माझी ड्युटी सुरू झाली. फाटकाच्या अलीकडे रस्त्यावर एक लोखंडी कमान आहे, उंच गाड्या अडवायला. त्या कमानीपासून फाटकाच्या दांड्यापर्यंत मी वाट झाडली. रुळाची खडी सारखी उडून रस्त्यावर येते, ती एकेक हाताने वेचली. सडा घातला. मधोमध रांगोळी काढली. काढताना रडत होते, हे कुणाला सांगितलं नाही. ज्या माणसाला अडवायचं त्याच्यासाठी रांगोळी काढायची, असलं काम माझ्या ड्युटीच्या पुस्तकात नव्हतं.

दहाच्या सुमाराला हलगी ऐकू आली. मग कळस दिसला. मग सगळं गावच आलं, गुलालाने लाल झालेलं. कुलथे साहेब रुळापलीकडे खांबाशी उभे राहून फोनवर कुणाला तरी तार बंद करायला विनवत होते आणि पलीकडचा माणूस नाही म्हणत होता, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. त्यांच्याबरोबर रेल्वेचे दोन पोलीस होते. समोर पाचशे माणसं.

मी दांडा खाली घेतला, कुलूप लावलं आणि पुढे येऊन लाल झेंडा धरून उभी राहिले.

काठी कमानीच्या बाजूने वळून रस्त्यावर आली. मामंजींच्या अंगावर पांढरं धोतर, कपाळभर भंडारा, दोन्ही हात बांबूवर. नदीचं पाणी अजून कापडातून त्यांच्या मनगटांवर ओघळत होतं. मला ते पाणीच दिसत होतं.

"मामंजी, थांबा!" मी ओरडले. हलगीत माझा आवाज मला ऐकू येईना.

"गेट उघड, वैजू!" सरपंच ओरडले.

"नाही उघडत!"

"गाडी हाय का?"

"नाही!"

"मग कुणाच्या हुकमानं लावलंस?"

"माझ्या!"

हलगी थांबली. त्या शांततेत मागून कुणीतरी स्पष्ट म्हणालं, "सखाहरीची सून देवाला अडवतीय."

मग तेच वाक्य मागे मागे गेलं. देवाला अडवतीय. सून देवाला अडवतीय. चार-पाच पोरं फाटकाच्या दांड्याकडे धावली. एकाने दगड उचलला कुलूप फोडायला. दोन पोलीस एकमेकांकडे पाहत होते. या गावात आता मला राहता येणार नाही, एवढं मला त्या क्षणी कळलं आणि तरी मी हलले नाही. ते शौर्य नव्हतं, पायच उचलत नव्हते.

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मग मान वर करून कळसाकडे पाहिलं. मग मागे न बघता दोरवाल्यांना म्हणाले, "डावीकडचा दोर जरा सैल सोडा रे. वारा हाय."

दोन पावलं पुढे आले. रांगोळीत पाय पडला. आणि पडले.

काठी डावीकडे गेली. नांगरलेल्या रिकाम्या रानात, लांबच्या लांब, कळस ढेकळांत. तारेपासून तीस हात अलीकडे. खोबणीतल्या बुंध्याने त्यांना पिळून खाली आपटलं आणि त्यांच्या तोंडातून एकच शब्द आला.

"खडा!"

बायका रडायला लागल्या. काही म्हातारे जमिनीवर डोकं टेकवून बसले. मी झेंडा टाकून धावले. त्यांचा पाय खुब्यापाशी भलत्याच बाजूला वळला होता. माझा हात धरून ते म्हणाले, "फाटक सोडून आलीस? गाडी आली मंजी?"

पोपटने त्यांना दुधाच्या टेम्पोत घालून तालुक्याला नेलं. आणि काठीचं काय झालं, तर तिला उचलून पोरांनी खांद्यावर आडवीच धरली. आडवी झालीच होती, आता पंधरा पावलांनी आणखी काय बिघडणार होतं? मी फाटक उघडलं. काठी गुपचूप तारेखालून गेली, पलीकडे उभी राहिली आणि टेकडीवर पोचली. दुसऱ्याच घरच्या माणसाच्या कमरेला.

तिसऱ्या दिवशी कुलथे साहेब दवाखान्यात चौकशीचा कागद घेऊन आले. रेल्वेच्या हद्दीत माणूस जायबंदी झाला होता, तेव्हा कागद हवाच. सरपंचही आले होते. त्यांचं म्हणणं, सून आडवी आली म्हणून काठी डगमगली असं लिहा, रेल्वेकडून भरपाई तरी मिळेल. कुलथे साहेब म्हणाले, फाटक बंद असताना पुढे येणं हाच गुन्हा, चूक जखमीची. दोघं खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून भांडत होते आणि मधे मामंजी पायाला वजन टांगून पडले होते.

"कागदात काय इचारलंय?" त्यांनी विचारलं.

"इजेला जबाबदार कोण."

"खडा."

"अहो, खडा कसं लिहू मी?"

"पायाखाली खडा आला, पाय मुरगळला. ना सुनेचा दोष, ना रेल्वेचा. लिहा. सूनबाई, तू लिही. साहेबांचा हात थरथरतोय."

मी लिहिलं. माझ्या अक्षरात, 'पायाखाली खडा आल्याने तोल गेला.' खाली त्यांनी सही केली. कुलथे साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि खिशात घातला. रेल्वेने मला विनाकारण फाटक लावल्याबद्दल एक ताकीद दिली, तिच्यावर कुलथे साहेबांनी काय शेरा मारला ठाऊक नाही, पण ती पुढे कुठे गेलीच नाही.

मला मात्र त्या एका ओळीने छळलं. वाट मी झाडली होती. बायका विहिरीवर विचारायच्या, "नीट झाडलं हुतंस ना गं?" वाईट मनाने नव्हे, पण विचारायच्या. मामंजींचा पाय आखूड झाला तो कायमचा. काठीचा मान गेला. यात्रेच्या दिवशी ते आता मागे मागेही चालत नसत, माझ्या खोलीबाहेर स्टुलावर काठी टेकून बसत. ती मानाची नव्हे, चालायची. आणि एवढं सगळं माझ्या हातून सुटलेल्या एका खड्यामुळे. त्यांनी मला कधी एका शब्दाने दुखावलं नाही. त्याने तर जास्तच लागायचं.

गावाने काय केलं ते ऐका. दुसऱ्या वर्षी काठी फाटकाशी आली, तेव्हा मागच्या वर्षी जिथे पडली तिथेच लोकांनी ती हळूच टेकवली. देवाने स्वतःच इथे अंग टाकलं होतं, आता तशी रीतच पडली, म्हणाले. मधलं वर्ष वाईटही गेलं नव्हतं, त्यामुळे पटायला सोपं गेलं. तिथे चौथरा बांधला. त्याला भैरोबाचा विसावा म्हणतात. काठी तिथे विसावते, आडवी होते, पंधरा पावलं जाते, उभी राहते. सरपंच आता पाहुण्यांना सांगतात की ही प्रथा फार जुनी आहे.

सात वर्षं मी दर यात्रेला ती वाट झाडली. सातव्या वर्षी सकाळी मी खाली बसून एकेक खडा वेचत होते. मामंजी स्टुलावर होते. तोवर खूप थकले होते, त्याच वर्षी श्रावणात गेले. चहाची बशी आता दोन्ही हातांनी धरायचे.

"किती झाडशील? रस्ता झिजला," ते म्हणाले.

"झाडू द्या मामंजी. एकदा एक राहिला, तेवढा पुरे झाला."

"काय राहिला?"

"खडा."

त्यांनी बशी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर मला आधी काही समजेना, मग दिसलं की ते घाबरलेत. इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. त्या दिवशी पाचशे माणसांसमोरही ते घाबरले नव्हते.

"वैजू," ते म्हणाले, "तू खरंच तसं समजून बसलीस? आजपातूर?"

मी उभी राहिले. हातात खडी तशीच होती.

"मला वाटलं तुला ठावं हाय. कागद तर तूच लिहिलास. मला वाटलं समजून लिहितीयस." त्यांनी काठीने समोरची ओली, झाडलेली वाट दाखवली. "आगं, तू झाडलेल्या वाटंवर खडा असतो व्हय कधी?"

डावीकडचा दोर. वारा आहे म्हणाले होते. त्या दिवशी माझा झेंडासुद्धा हलत नव्हता.

मी त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांच्या त्या आखूड पायावर डोकं टेकवून रडले. ते माझ्या डोक्यावर थोपटत राहिले आणि रस्त्यावर कुणी बघत तर नाही ना, म्हणून इकडे तिकडे बघत राहिले.

खोलीत फोन वाजायला लागला.

"ऊठ, फाटकमास्तर," ते म्हणाले. "गाडी आली."